मोठ्या माणसांचं प्रशिक्षण सत्र कसं आखावं: बेळगाव सीमाभागात काम करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात प्रशिक्षणांना तोटा नाही. महिला संघांसाठी हिशेबाचं होतं, शेतकऱ्यांसाठी ठिबकचं होतं, उद्यमबागेतल्या कामगारांसाठी मोजमापाचं आणि सुरक्षेचं होतं. सतरंजी पडते, पाहुण्यांचं स्वागत होतं, दोन भाषणं होतात, चहा येतो, हजेरीच्या सह्या होतात. महिन्याभराने त्याच माणसांना भेटलं की कळतं, रोजच्या कामात काहीच बदललेलं नाही. माणसं हुशार असतात, शिकवणाऱ्याला विषयही येत असतो. आखणी मात्र शिकवणाऱ्याने काय बोलायचं याची केलेली असते, आणि समोरच्यांनी काय करायचं याचा विचार राहून जातो.

हा लेख संघाच्या प्रतिनिधींसाठी, संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आणि कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठी आहे. दोन तासांच्या सत्राला आपल्याकडे पंचवीस बायका येतात, तेव्हा पन्नास तासांचं काम बाजूला पडलेलं असतं. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. ती दोन तास आपल्यासमोर बसली तर तिची तेवढी कमाई बुडते. ते दोन तास तिच्या उपयोगी पडले पाहिजेत, ही जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे.

आधी जाऊन या

सत्राच्या निदान आठवडाभर आधी त्या लोकांच्या कामाच्या जागी जा. कार्यालयात बसून फोनवर "तुम्हाला काय शिकायचं आहे?" असं विचारलं तर समोरचा माणूस आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. "मार्केटिंग शिकवा", "कॉम्प्युटर शिकवा" ही उत्तरं अशीच येतात. त्याऐवजी नुकतीच घडलेली गोष्ट विचारा. मागच्या वेळी माल कुणाला विकला, भाव कुणी ठरवला, पैसे किती दिवसांनी आले, माल परत आला का, आला तर कशामुळे. अशा प्रश्नांतून खरी अडचण वर येते, आणि ती बहुतेक वेळा मागणीपत्रात लिहिलेल्या विषयापेक्षा वेगळी असते.

काम नेमकं कोण करतं तेही जागेवरच कळतं. अथणी भागात कोल्हापुरी चपला बनतात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे चार जिल्हे आहेत. चपलेचं कातडं कापणं, तळ बसवणं ही कामं सहसा पुरुषांकडे असतात. वेणी विणणं आणि बारीक शिवण बऱ्याच घरांत बायकांच्या हातची असते. मालाच्या दर्जाचं प्रशिक्षण ठेवलं आणि 'कारागीर' म्हणून घरटी एका पुरुषाला बोलावलं, तर ज्या हातांनी वेणी विणली जाते ते हात सत्राला आलेलेच नसतात. तिथे दारात अर्धा तास बसून बघितलं असतं तर आमंत्रणाची यादीच बदलली असती.

भेटीत तीन गोष्टी वहीत लिहून आणा: कोण कोण येणार आणि रोज नेमकं काय करतं, कोणाला कोणती लिपी वाचता येते, आणि आत्ता ते काम कसं केलं जातं. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. त्यांची सध्याची पद्धत माहीत नसेल तर नवी पद्धत कुठे जोडायची हेच कळत नाही.

एक वाक्य लिहा

आता कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा: "सत्र संपल्यावर प्रत्येक जण ____ करू शकेल." मोकळ्या जागेत असं क्रियापद हवं की ते होताना आपल्याला डोळ्यांनी बघता येईल. "हिशेबाचं महत्त्व समजेल" हे दिसत नाही. "आपल्या एका पदार्थाचा खर्च लिहून एका पाकिटाची किंमत काढेल" हे दिसतं. "सुरक्षेविषयी जागरूक होईल" दिसत नाही. "ग्राइंडर सुरू करण्याआधी चाकाला तडा आहे का ते तपासून दाखवेल" दिसतं.

हे वाक्य लिहायला वेळ लागतो आणि लागू द्यावा. एका वाक्यात बसत नसेल तर तुमच्याकडे दोन सत्रांचा मजकूर आहे. वाक्य नक्की झालं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. या वाक्याला उपयोगी पडेल ते ठेवायचं आणि बाकीचं पुढच्या वेळेसाठी काढून ठेवायचं.

मोठ्या माणसांच्या शिक्षणावर लिहिणारे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७०च्या दशकात जे मांडलं ते आपल्याकडच्या कुठल्याही संघाच्या बैठकीत पडताळून पाहता येतं. मोठ्या माणसाला आधी 'हे का शिकायचं' ते कळावं लागतं. तो अनुभव घेऊन येतो आणि त्या अनुभवाची दखल घेतली नाही तर त्याला अपमान वाटतो. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून तो शिकत नाही, समोर उभी असलेली अडचण सुटावी म्हणून शिकतो. शाळकरी मुलाला पुढच्या इयत्तेसाठी शिकवता येतं. चाळिशीच्या बाईला येत्या सोमवारच्या कामासाठी शिकवावं लागतं.

तारीख आणि वेळ

तारीख आपल्या सोयीने ठरवली की निम्मी माणसं गळतात. खानापूर तालुक्यात जुलैत भाताची रोप लावणी चालू असते, त्या दिवसांत कुणालाही बोलावू नका. सुगीतही नको. चिकोडी, अथणी, रायबाग भागात उसाचा गळीत हंगाम जोरात असताना शेतकरी टोळीच्या आणि ट्रॅक्टरच्या मागे असतो. माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला गावंच्या गावं जातात. लग्नसराईचं सांगायलाच नको. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस दोन्ही असल्याने बेळगाव शहरात बंदोबस्त असतो, तो दिवस टाळा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असेल तर महामार्गाकडून येणाऱ्यांना मोर्चांमुळे खोळंबावं लागतं. गावच्या बाजाराचा वारही बघून घ्या.

महिलांसाठी एक सोय झाली आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना परिवहनच्या साध्या बसला भाडं लागत नाही, ओळखपत्र जवळ हवं. भाड्याची अडचण मिटली तरी बसच्या वेळेची राहिली. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांना बस मोजक्याच. शेवटच्या बसच्या आधी अर्धा तास सत्र संपलं पाहिजे. नाहीतर बायका शेवटचा भाग घड्याळाकडे बघत काढतात, आणि नेमका तोच भाग सरावाचा असतो. वाडीतल्या चार-पाच जणींना बस सोयीची नसेल तर सत्रच त्या वाडीत न्या.

१८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवस मजुरीत जायचा. कामाची वेळ बघून शिकवण्याची वेळ धरायची, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

भाषेची आखणी वेगळी करा

सीमाभागात हा मुद्दा शेवटच्या क्षणावर सोडता येत नाही. एकाच संघात घरी मराठी बोलणाऱ्या, घरी कन्नड बोलणाऱ्या आणि उर्दू बोलणाऱ्या बायका असतात. बोलताना फारसं अडत नाही, कारण बाजारात आणि शेजारात सगळ्यांना सगळं थोडंफार येतं. अडतं ते वाचताना. पन्नाशीची बाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असते, तिला देवनागरी येते, कन्नड लिपी येत नाही. तिची सून घरात मराठी बोलते पण शाळा कन्नड माध्यमातली, त्यामुळे तिला देवनागरीतला कागद अवघड जातो. आणि बँकेचा, पंचायतीचा, खात्याचा फॉर्म कन्नडमध्ये.

पहिलं काम, भेटीच्या वेळी केलेली लिपीची यादी समोर घ्या आणि जोड्या लावा. मराठी वाचणारी एक, कन्नड वाचणारी एक. सासू-सून किंवा शेजारणी अशा जोड्या आपोआप जमतात. दोघी मिळून एक कागद भरतात आणि एकीला अडलं की दुसरी वाचते. प्रत्येक वाक्य दुभाष्याकडून दुसऱ्या भाषेत सांगून घेण्याच्या फंदात पडू नका. वेळ दुप्पट जातो आणि अर्धा गट कायम वाट बघत बसतो. भागाच्या शेवटी गटातल्याच एकीला सांगा, "अक्का, आत्ता काय ठरलं ते कन्नडमध्ये सांगा बघू." तिला सांगावं लागतं म्हणून ती लक्ष देते, आणि ती जे सांगते त्यावरून आपलं बोलणं कितपत पोचलं तेही कळतं.

फॉर्म शिकवायचा असेल तर खराच फॉर्म आणा, त्याच्या प्रती काढा. प्रत्येक रकान्याला पेनाने आकडा घाला, १, २, ३ असा. मग फळ्यावर त्या आकड्यापुढे मराठीत लिहा, इथे काय भरायचं. घरी गेल्यावर कन्नड वाचता आलं नाही तरी आकडा दिसतो आणि वहीतलं मराठी जुळवता येतं.

हिशेबाच्या सत्रात फळ्यावर इंग्रजी अंकच लिहा. तराजू, मोबाइल, कॅल्क्युलेटर, एटीएम सगळीकडे तेच दिसतात, आणि मराठी-कन्नड दोन्ही बाजूंच्या बायकांना ते सारखेच ओळखीचे असतात.

मजकूर कापा

माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी राहतात यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तो आकडा सातच्या आसपास सांगितला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुरावे तपासून तो चारच्या जवळ आणला. दोन तासांच्या सत्रात मी तीनच नव्या गोष्टी धरतो. चौथी कितीही महत्त्वाची वाटली तरी पुढच्या वेळी.

हे जमायला मन घट्ट करावं लागतं, कारण आपल्याला जे येतं ते सगळं द्यावंसं वाटतं. किंमत काढायच्या सत्रात अन्नपरवान्याची नोंदणी, लेबलवर काय छापायचं, कर्जाची योजना, ऑनलाइन विक्री हे सगळं घुसवलं जातं. यातला प्रत्येक विषय आवश्यक आहे आणि म्हणूनच प्रत्येकाला वेगळं सत्र हवं.

एक सत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शेंगा चटणी करून विकणारा खानापूरकडचा एखादा महिला संघ समोर धरा. वीस बायका, दोन तास. वाक्य असं: सत्र संपल्यावर प्रत्येक जोडी आपल्या एका पदार्थाचा पूर्ण खर्च लिहून एका पाकिटाची किंमत काढू शकेल.

आमंत्रणातच सांगा, येताना आपलं एक पाकीट आणि शेवटच्या खरेदीची चिठ्ठी आणा.

पहिली १५ मिनिटं पाकिटांची. प्रत्येक जण आपलं पाकीट मधे ठेवते, भाव सांगते आणि तो भाव कसा ठरवला ते सांगते. "दुकानदार म्हणाला पन्नास, म्हणून पन्नास." "शेजारचा संघ पन्नासला देतोय की, आम्ही साठ लावलं तर कोण घेणार?" ही उत्तरं चूक म्हणून खोडू नका. फळ्याच्या एका बाजूला जशीच्या तशी लिहून ठेवा. नंतर त्यांचा उपयोग होतो.

पुढची २५ मिनिटं एक हिशेब सगळ्यांनी मिळून. खालचे आकडे मांडणीपुरते आहेत, सत्रात त्यांच्याच चिठ्ठ्यांतले भाव घ्या. शेंगदाणे ४ किलो, किलोला १४० रुपये, म्हणजे ५६०. लसूण अर्धा किलो ८० रुपये. तिखट ४०० ग्रॅम १२० रुपये. मीठ-जिरं २० रुपये. कच्चा माल ७८० रुपये. इथे थांबून विचारा, पाकिटं किती झाली? २०० ग्रॅमचं एक पाकीट, सगळा माल मिळून साधारण ५ किलो, म्हणजे २५ पाकिटं असं उत्तर येतं. ज्या बाईने स्वतः माल भरला आहे ती मात्र म्हणते, "पंचवीस कुठली, तेवीसच भरली." शेंगदाणे भाजताना आटतात, टरफल जातं, लसणाची सालं जातात, मिक्सरला चिकटतं. ५ किलोचा तयार माल ४ किलो ६०० ग्रॅम होतो. ही गोष्ट तुम्ही सांगू नका, तिच्याकडूनच येऊ द्या. हा तिचा अनुभव आहे आणि त्या क्षणी ती बाकीच्यांची शिक्षिका असते.

आता २३ पाकिटं पन्नासने, ११५० रुपये. त्यातून माल ७८०. "किती सुटले?" ३७०. सगळ्यांचे चेहरे समाधानी असतात. मग दुसरा रकाना उघडा. गॅस आणि मिक्सरची वीज ६०. पाकीट आणि लेबल ४ रुपयांप्रमाणे ९२. रिक्षा ५०. एकूण खर्च ९८२ झाला, हातात उरले १६८. "हे काम किती जणींनी केलं, किती वेळ?" तिघी, तीन-तीन तास. नऊ तास. १६८ भागिले ९ त्यांनाच करू द्या. ताशी १९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. वर्गात या जागी शांतता होते आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागतात. बोलू द्या. नोल्स म्हणतात तो 'का शिकायचं' हा प्रश्न इथे सुटतो, तुमच्या प्रस्तावनेत सुटत नाही.

तासाला ५० रुपये मजुरी धरली तर ४५० आणखी, एकूण १४३२. भागिले २३ केलं की एका पाकिटाला ६२ रुपये पडतात. नफा अजून धरलेलाच नाही. आता मघाशी फळ्यावर लिहिलेल्या उत्तरांकडे परत या: भाव वाढवायचा, का पाकीट १५० ग्रॅमचं करायचं, का शेंगदाणे हंगामात एकदम घ्यायचे? तुम्ही उत्तर देऊ नका.

१० मिनिटं चहा. चहा मधेच हवा. शेवटी ठेवला तर तो निरोपाचा चहा होतो, आणि मधल्या चहाला ज्या चौकशा होतात त्या फळ्यासमोर कुणी करत नाही.

मग ४५ मिनिटं जोड्यांनी आपापला हिशेब. हा सत्राचा गाभा आहे, त्याची मिनिटं कशासाठीही कापू नका. पाहुणे उशिरा आले तर त्यांचं भाषण कापा. कोऱ्या कागदावर रकाने तुम्ही आखून आणा: माल, इंधन, पाकीट, वाहतूक, मजुरी, तयार वजन. तुम्ही प्रत्येक जोडीपाशी बसा. पेन मात्र त्यांच्याच हातात राहू दे. बेरीज चुकली तर "ही ओळ परत वाचा बघू" एवढंच म्हणा.

२० मिनिटं अदलाबदल. एका जोडीचा कागद दुसरी तपासते, राहिलेला खर्च शोधते. राहतो तो सहसा मजुरीचाच, कारण आपल्या श्रमाचे पैसे धरायची सवयच नाही. हा मुद्दा शेजारणीच्या तोंडून आला की जास्त पटतो.

शेवटची ५ मिनिटं: प्रत्येक जोडी एक काम सांगते, ते कधी करणार ते सांगते. "पुढच्या घाण्याला तयार माल तोलून लिहिणार." तुम्ही वहीत नोंदवा.

सगळी बेरीज १२० मिनिटं. त्यात तुमचं एकट्याचं बोलणं सलग दहा मिनिटांच्या वर कुठेच नाही.

हाताचं कौशल्य असेल तर

उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमधल्या नव्या हेल्परला व्हर्निअर कॅलिपर (नगाचं बारीक माप घ्यायचं, सरकत्या पट्टीचं साधन) वाचायला शिकवायचं आहे असं समजू. इथे वर्गापेक्षा यंत्राजवळची जागा बरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना अल्पावधीत हजारो नवे कामगार तयार करायचे होते, त्यासाठी १९४० मध्ये एक योजना सुरू झाली. तिच्यातली काम शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत आजही तितकीच चालते: तयारी, दाखवणं, करून घेणं, पाठपुरावा.

तयारीत हेल्परला विचारा, आधी मोजायचं काय हाताळलं आहे. गवंड्याचा टेप हाताळला असेल तर तिथून सुरुवात करा. नंतर दाखवा, पण दोनदा. पहिल्यांदा एकही शब्द न बोलता नग मोजा, त्याला फक्त हात बघू दे. दुसऱ्यांदा बोलत मोजा. मुख्य पट्टीवर, सरकत्या पट्टीच्या शून्याच्या अलीकडची रेघ २४, म्हणजे २४ मिलिमीटर. सरकत्या पट्टीवर कोणती रेघ वरच्या रेघेशी नेमकी जुळली? सतरावी. या कॅलिपरवर एक रेघ ०.०२ मिलिमीटरची, सतरा रेघा ०.३४. माप २४.३४. त्याचबरोबर चुकीची जागा दाखवा: जबड्यात बारीक चुरा राहिला तर माप वाढतं, नग तिरका धरला तरी वाढतं.

मग त्याच्या हातात द्या. त्यानेही आधी न बोलता मोजायचं, नंतर काय करतोय ते बोलत मोजायचं. बोलताना जिथे तो अडखळतो तिथेच त्याला कळलेलं नसतं. दहा वेगवेगळे नग, ज्यांची मापं तुम्ही आधीच लिहून ठेवली आहेत, ते त्याच्यासमोर ठेवा. सलग सगळी बरोबर आली की त्याला कामावर सोडा आणि पहिल्या पाळीत दर तासाला एक नग बरोबर मोजून बघा.

जागा आणि फळा

हा भाग थोडक्यात सांगतो. चाळिशीनंतर जवळचं बारीक दिसत नाही आणि गावात चष्मा प्रत्येकीकडे नसतो. कागदावरचं अक्षर मोठं ठेवा, खिडकीजवळ बसवा. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांसाठी चार खुर्च्या मागायला लाजू नका. प्रोजेक्टर असला तरी फळा लागतोच, कारण पडद्यावरचं पुढे सरकतं आणि फळ्यावरचं शेवटपर्यंत राहतं. अर्धगोलात बसवलं की एकमेकींचे चेहरे दिसतात. मंडपात कार्यक्रमासारखं रांगेत बसवलं की बायका भाषण ऐकायला आल्यासारख्या बसतात.

गटातली माणसं

प्रत्येक गटात एक जण सगळ्यांच्या वतीने बोलते, बहुतेक वेळा अध्यक्ष किंवा ज्यांच्या अंगणात सत्र आहे त्या मावशी. त्यांना गप्प बसवणं बरोबर नाही आणि जमतही नाही. त्यांना काम द्या: वेळ बघणं, कागद वाटणं, शेवटच्या अदलाबदलीत दोन जोड्यांचे हिशेब तपासणं. मान राहतो आणि बाकीच्यांना जागा मिळते. गप्प बसणाऱ्यांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. जोडीत त्या बोलतात, तिथे जाऊन ऐका, आणि मग "या वहिनींनी एक चांगली गोष्ट काढली आहे, सांगू का?" असं विचारून त्यांची परवानगी घेऊन सर्वांपुढे मांडा.

कारखान्यात फोरमन आणि हेल्पर एकाच सत्रात बसवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. हेल्पर साहेबांसमोर चुकायला घाबरतो, आणि चुकल्याशिवाय सराव होत नाही. फोरमनला आधी वेगळं शिकवा, मग त्यालाच हेल्परांचं सत्र घ्यायला मदतीला घ्या.

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला सत्रात कधीही उघडं पाडू नका. सही ऐवजी अंगठा घ्यायचा असेल तर हजेरी प्रत्येकाजवळ नेऊन घ्या, सगळ्यांच्या देखत टेबलाकडे बोलावू नका. हिशेब तोंडी करणाऱ्या बायका अनेकदा लिहिणाऱ्यांपेक्षा आधी उत्तर काढतात. त्यांना तोंडी सांगू द्या, जोडीदारणीला लिहू द्या.

कळलं का, हे कसं बघायचं

"समजलं काय?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर येतं, "होय की." त्या उत्तरावर काही ठरवू नका. करून दाखवायला सांगा, किंवा सत्रात न आलेल्या शेजारणीला हे कसं सांगाल ते विचारा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. म्हणून दर भागाच्या शेवटी कागद उलटा ठेवायला सांगा आणि रकाने आठवून सांगायला लावा. एखादा राहिला तर बाकीच्या सांगतात.

सत्रानंतर

शिकलेलं सगळ्यांत झपाट्याने विसरलं जातं ते सुरुवातीच्या काळात, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यामुळे पहिली फेरी आठवड्याच्या आत हवी. संघाच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या आणि ठरलेलं काम झालं का ते बघा. फोन केला तरी चालतो, पण "तोललेलं वजन किती आलं?" असा आकडा विचारा. "झालं काय?" असं विचारलं तर पुन्हा "होय की" येतं.

दुसरी फेरी महिन्याने. तेव्हा कागद बघायचा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचा परिणाम तपासायच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, आणि त्यातून फरक पडला का. आपले अभिप्रायाचे फॉर्म पहिल्या पातळीवर थांबतात. संघाच्या वहीत मजुरीचा रकाना भरलेला दिसला तर तिसरी पातळी गाठली. तीन महिन्यांनी पाकिटाचा भाव किंवा वजन बदललं असेल आणि तासाची कमाई वाढली असेल तर चौथी.

कागद कोरा दिसला तर बायकांना दोष देण्याआधी कारण शोधा. बरेचदा अडचण साधी असते: तराजू दुसऱ्या गल्लीत असतो, वही अध्यक्षांच्या घरी कुलपात असते, किंवा हिशेब लिहिणारी मुलगी कॉलेजसाठी बेळगावला गेलेली असते. तराजू कामाच्या जागी आणणं, रकान्यांचा कागद भिंतीला टांगणं, लिहायला दुसरी एक जण तयार करणं यातलं जे लागेल ते त्याच भेटीत ठरवा, कोण करणार त्यांचं नाव लिहा आणि पुढच्या बैठकीची तारीख घालून या.